सापाचं जेवण : आजार कशाने होतात आणि ते कसे टाळावेत?

पहिला पाऊस पडून गेला की आपल्या भागात एक आरोळी हमखास ऐकू येते, "जनावर निघालं!" बिळात पाणी शिरलेलं असतं, बेडूक ओरडायला लागलेले असतात आणि होस्टेलच्या मागच्या सोयाबीनच्या रानातून एखादी धामण थेट सायकल स्टँडपर्यंत येते. मग काठ्या, टॉर्च, मोबाईल घेऊन गर्दी जमते. पूर्वी अशा वेळी साप मारूनच टाकत. आता मुलं त्याला मारत नाहीत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याऐवजी एखादा धीट मित्र त्याला प्लॅस्टिकच्या बरणीत कोंडतो, झाकणाला भोकं पाडतो आणि कुणीतरी दयाळूपणे मेसमधून वाटीभर दूध आणतो. दुसऱ्या दिवशी अंडं, तिसऱ्या दिवशी चिकनचा तुकडा. आठवड्याने साप मेला की सगळे हळहळतात, "काही खाल्लंच नाही बिचाऱ्याने, उपाशी मेला."

मित्रहो, आठ दिवसांत मोठा साप उपासाने मरत नाही. माणसाच्या ताब्यातले साप बऱ्याचदा खायला न मिळाल्याने नाही, तर चुकीचं खाल्ल्याने, चुकीच्या वेळी खाल्ल्याने, किंवा खाल्लेलं पचवू न शकल्याने आजारी पडतात. सापाच्या जेवणाला तीन गोष्टी लागतात : योग्य भक्ष्य, पुरेशी ऊब आणि निवांतपणा. यातली एक जरी नसली तरी जेवणच त्याच्या जिवावर उठतं. ते कसं, हे आपण पाहू.

आधी कायद्याचं बोलू

आपल्याकडचे नाग, धामण, दिवड, अजगर, मांडूळ हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडून घरात किंवा रूमवर बाळगणं हा गुन्हा आहे. "मी मारला नाही, पाळला" हा बचाव चालत नाही. पुण्या-मुंबईकडे हौसेने पाळतात ते बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी साप. त्यांच्यासाठीही आता मोकळं रान राहिलेलं नाही. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला परदेशी प्राणी (बॉल पायथन त्यातच येतो) बाळगणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते.

म्हणून या लेखात 'पाळीव साप' म्हटलं की असे नोंद केलेले परदेशी साप, सर्पोद्यानातले साप आणि सर्पमित्राने पकडून सोडण्याआधी थोडा वेळ ठेवलेले साप एवढेच समजावेत. रूमवरची बरणी त्यात बसत नाही!

साप खातो कसा?

साप चावून खात नाही, गिळतो. त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी आपल्यासारखी घट्ट जुळलेली नसतात, तिथे ताणले जाणारे स्नायुबंध असतात. त्यामुळे डावी-उजवी बाजू आलटून पालटून पुढे सरकवत तो भक्ष्य आत ओढतो. दात मागे वळलेले, म्हणजे आत गेलेली वस्तू सहज बाहेर येत नाही. 'साप जबडा निखळवतो' असं आपण ऐकतो, पण जबडा निखळत नाही, फक्त खूप ताणला जातो. गिळताना गुदमरू नये म्हणून श्वासनळीचं तोंड पुढे सरकतं आणि भक्ष्याच्या खालून हवा घेत राहतं.

गंमत पुढे आहे. आपण रोज तीनदा मेसला जातो, कारण शरीर गरम ठेवायलाच आपलं बरंचसं इंधन जळतं. सापाला ती भट्टी नाही. तो बाहेरून ऊब घेतो, आणि म्हणून तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या दहाव्या हिश्श्याइतक्या किंवा त्याहून कमी ऊर्जेत त्याचं भागतं. मोठ्या सापाला महिना-महिना काही न खाता राहता येतं ते यामुळेच.

पण एकदा खाल्लं की सगळी यंत्रणा एकदम फुल लोडवर चालते. ब्रह्मदेशी अजगरावरच्या प्रयोगांत असं दिसलं की मोठं भक्ष्य गिळल्यावर शरीराचा ऊर्जावापर विश्रांतीच्या तुलनेत चाळीस पटींपर्यंत जातो, आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दोन दिवसांत हृदय ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. पचन झालं की सगळं पुन्हा मूळ आकाराला. एवढी मोठी यंत्रणा चालू होत असताना कुणी सापाला उचलून फोटो काढत असेल, तर काय होईल याची कल्पना करा.

दुधाचा प्रश्न

नागपंचमीचा नाग आणि दुधाची वाटी ही जोडी आपल्या मनात पक्की बसली आहे. श्रद्धेचा मान ठेवूनच सांगायला हवं की साप हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचं अन्न, त्यातली साखर पचवण्याची सोय सापाच्या पोटात नाही.

"पण आम्ही नागाला दूध पिताना पाहिलंय!" बरोबर आहे. गारुडी सणाच्या आधी कित्येक दिवस नागाला अन्न-पाण्यावाचून टोपलीत कोंडत. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते पातळ पदार्थ पितो. दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं हे पाहायला आपण तिथे नसतो. दुधाने पोट बिघडतं. त्याहून वाईट म्हणजे तोंड दाबून पाजलेलं दूध श्वासनळीत जातं. सापाला आपल्यासारखा डायफ्राम नाही, त्यामुळे ठसका लागून ते बाहेर टाकता येत नाही. बहुतेक सापांचं एकच, उजवं फुप्फुस नीट काम करतं. त्यात दूध गेलं की न्यूमोनिया ठरलेला. शिवाय विषदंत उपटलेले किंवा तोंड शिवलेलं असेल तर जखमा चिघळतात, तोंडात पू होतो आणि पुढे तो उंदीरही पकडू शकत नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची नागपंचमी देशभर प्रसिद्ध होती. तो विषयही उच्च न्यायालयात गेला आणि जिवंत नाग पकडून मिरवण्यावर बंदी आली.

सापाला द्यायचंच असेल तर एका उथळ भांड्यात स्वच्छ पाणी द्यावं. बस्स, एवढंच.

प्रत्येकाचं ताट वेगळं

'साप काय, उंदीर खातो' हे अर्धंच खरं आहे. आपल्याच परिसरातले साप पाहा :

धामण – उंदीर, बेडूक, पक्षी.
नाग – उंदीर, बेडूक, दुसरे साप, कधी पक्ष्यांची अंडी.
घोणस – मुख्यतः उंदीर.
मण्यार – दुसरे साप, पाली-सरडे, उंदीर.
फुरसं – विंचू, गोम, पाली, छोटे बेडूक.
दिवड (विरोळा) – मासे आणि बेडूक.
कवड्या – पाली.
वाळा – मुंग्या व वाळवीची अंडी आणि अळ्या.

अंडी खाणारा खास साप म्हणजे भारतीय अंडीखाऊ साप. तो कित्येक दशकं कुणाला दिसला नव्हता आणि २००० नंतरच्या काही वर्षांत आपल्याच राज्यात, वर्धा जिल्ह्यात पुन्हा आढळला. तो अंडं गिळून गळ्यातच फोडतो आणि टरफल बाहेर टाकतो. म्हणून काही कवड्याला किंवा दिवडाला मेसचं उकडलेलं अंडं चालेल असं नाही. चुकीचं भक्ष्य समोर ठेवलं की साप खात नाही, मग माणूस 'तो रुसलाय' म्हणून जबरदस्ती करतो, आणि तिथून आजारांची सुरुवात होते.

मुख्य आजार आणि खबरदारी

१) खाल्लेलं उलटून पडणं. हा सगळ्यात नेहमीचा त्रास. कारणं तीन : ऊब कमी पडणं, भक्ष्य फार मोठं असणं, किंवा खाल्ल्यावर साप हाताळणं. पोटातले पाचक रस एका ठरावीक तापमानातच नीट काम करतात. बॉल पायथनसारख्या सापाला पेटीच्या एका टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात, म्हणजे तो हवं तिथे जाऊन बसतो. आपल्याकडे थंडीत रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री वीज गेली आणि हीटिंग पॅड बंद पडलं तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजायला लागतो. साप तो उलटून टाकतो, आणि त्याबरोबर शरीरातलं पाणी, पाचक रसही जातात. दोन-तीनदा असं झालं की साप खंगतो.
उपाय : पेटीला थर्मोस्टॅट आणि दोन्ही टोकांना थर्मामीटर असलाच पाहिजे (हे तर आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना सांगायला नको!). ऊब नसेल त्या दिवशी खायला देऊ नये. खाल्ल्यावर किमान ४८ तास हात लावू नये. उलटी झालीच तर लगेच पुन्हा भरवू नये. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी, आणि नंतर नेहमीपेक्षा निम्मं भक्ष्य.

२) जास्त खाणं. होय, सापही लठ्ठ होतो! रानात त्याला शिकार शोधत फिरावं लागतं, पेटीत ती आयती मिळते. यकृतात चरबी साठते, आयुष्य कमी होतं. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढंच जाड असावं. पिलाला पाच-सात दिवसांनी एकदा, मोठ्या सापाला दोन ते चार आठवड्यांनी एकदा पुरतं. 'मागतोय' असं आपल्याला वाटणं ही सापाची भूक नव्हे.

३) जिवंत उंदराचा चावा. 'शिकार बघायला मजा येते' म्हणून पेटीत जिवंत उंदीर सोडतात. साप भुकेला नसेल तर तो गप्प पडून राहतो आणि उंदीर मात्र त्याची पाठ कुरतडतो, कधी मणक्यापर्यंत. त्या जखमा चिघळून साप दगावतात. म्हणून सगळीकडे आता गोठवलेला उंदीर देण्याची पद्धत आहे. तो आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण वितळू द्यायचा, मग गरम पाण्यात ठेवून अंगाला ऊब आणायची आणि लांब चिमट्याने द्यायचा. मायक्रोवेव्ह वापरू नये. बाहेरून गार आणि आतून उकळता, असा तो होतो. अर्धवट वितळलेला उंदीर दिला तरी पोट बिघडतं.

४) नुसतं मांस. चिकनचे तुकडे स्वच्छ दिसतात, पण त्यात हाडं नाहीत, यकृत नाही, म्हणजे कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं पुरेशी नाहीत. अखंड उंदीर हीच सापाची पूर्ण थाळी आहे. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिलांची हाडं ठिसूळ होतात.

५) माशांमुळे होणारी कमतरता. सर्पोद्यानात दिवडासारखे मासे खाणारे साप असतात. काही जातींच्या माशांमध्ये थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, नष्ट करणारं विकर असतं. असे मासे महिनोन्‌महिने दिले की सापाला कंप सुटतो, तोल जातो, झटके येतात. पाहणाऱ्याला वाटतं, विषबाधा झाली. प्रत्यक्षात ती आहारातली कमतरता असते. एकाच जातीच्या माशावर अवलंबून राहू नये, बेडूक खाणाऱ्या सापांच्या आहारात फेरपालट असावा आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने थायमिन द्यावं.

६) जबरदस्तीने भरवणं. हा तर आजार नव्हे, अत्याचारच. नळी चुकीच्या मार्गाने गेली तर अन्न फुप्फुसात. जबडा ओढला तर नाजूक हाडं आणि दात मोडतात. साप खात नसेल तर आधी कारण शोधावं : थंडी आहे का? कात टाकायची वेळ आहे का (डोळे दुधाळ झाले की साप सहसा खात नाही)? लपायला जागा आहे का? पेटीवर सतत कुणी टकटक करतं का? बॉल पायथन तर हिवाळ्यात कित्येक आठवडे सहज उपास करतो. दर पंधरवड्याला वजन करून वहीत लिहावं. वजन दहा टक्क्यांहून अधिक घसरलं किंवा तोंडातून लाळ-बुडबुडे आले, तर सापांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे जावं. माणसाच्या गोळ्या देऊ नयेत.

७) आपलं स्वतःचं आरोग्य. साप आणि त्याच्या भक्ष्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. सापाचं भांडं मेसच्या सिंकमध्ये धुणं, उंदीर खाण्याच्या फ्रिजमध्ये ठेवणं हे चालणार नाही. हात साबणाने धुणं हा पहिला आणि शेवटचा नियम.

मांडुळाची गोष्ट

आपल्या मराठवाड्यात सापाच्या 'खाण्या-वजनाचा' सगळ्यात वाईट खेळ मांडुळाच्या नशिबी आला. हा गरीब, बिनविषारी, मातीत राहणारा साप. शेपूट बोथट असल्याने त्याला 'दुतोंड्या' म्हणतात. तो गुप्तधन दाखवतो, लाखोंना विकला जातो, आणि जितकं वजन जास्त तितका भाव जास्त, अशी अफवा आहे. महाराष्ट्रात मांडुळाच्या तस्करीत पकडलेल्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत असतात, आणि त्यात शिकलेली मुलंही सापडतात.

पण वर सांगितलेलं विज्ञान इथे लावून पाहा. साप कोंबून वाढत नाही. गोणीत कोंडलेल्या, अंधाऱ्या खोलीत भीतीने आक्रसलेल्या मांडुळाला लागोपाठ उंदीर भरवले तर एक तर तो उलटून टाकेल, नाही तर पोटात कुजून मरेल. वजन वाढण्याऐवजी मांडूळ जातं आणि माणूस तुरुंगात जातो. गुप्तधन काही निघत नाही. ज्याला मांडुळाचं खरं मोल पाहायचं असेल त्याने शेतात पाहावं. तिथे तो बिळात शिरून उंदीर खातो, आणि आपल्या ज्वारी-हरभऱ्याचं रक्षण करतो.

होस्टेलवर साप निघाला तर?

पहिली गोष्ट, सापाला दूध नको, अंडं नको, बरणी नको. लांब उभं राहून तो कुठे जातो एवढंच पाहावं. वॉचमन मामा आणि रेक्टर सरांना कळवावं. वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाईन क्रमांक आहे, किंवा ओळखीच्या नोंदणीकृत सर्पमित्राला बोलवावं. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही प्रमुख विषारी साप आपल्याकडे आहेत. 'हा धामणच आहे' असं फोटोवरून ठरवून हात घालणारे फसतात.

दुसरी गोष्ट, सापाचं पोट मधे फुगलेलं दिसलं तर त्याने नुकतंच खाल्लेलं आहे. त्याला काठीने डिवचू नका, गर्दी करू नका. भीतीने तो जेवण उलटून टाकतो, म्हणजे पळता यावं म्हणून आठवड्याची कमाई फेकून देतो. सर्पमित्रांनीही असा साप हवेशीर पिशवीत, सावलीत, अंधारात ठेवावा आणि लवकरात लवकर वनविभागाच्या सांगण्यानुसार जवळच्या योग्य जागी सोडावा. थोड्या वेळासाठी ठेवलेल्या सापाला काहीही भरवण्याची गरज नसते. येडशीच्या रामलिंग घाटात किंवा शेताच्या बांधावर तो आपलं जेवण आपण शोधेल.

तिसरी गोष्ट आपल्या मेसची. साप होस्टेलवर दुधासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. उंदीर येतो तो मेसच्या मागे टाकलेल्या भात-चपातीसाठी आणि रूमवरच्या उघड्या फरसाणासाठी. म्हणजे सापाला आमंत्रण आपणच देतो. खरकटं झाकणाच्या डब्यात, भिंतीची भोकं बुजवलेली, विटांचा ढीग हलवलेला, एवढं केलं तरी अर्धा प्रश्न सुटतो.

आणि दुर्दैवाने कुणाला पान लागलंच, तर घट्ट दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने विष ओढणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काहीही करू नये. चावलेला हात-पाय हलू न देता, १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावं. प्रतिविष तिथे मिळतं.

थोडक्यात काय, तर

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर साप हे कमी इंधनावर चालणारं, पण तापमानाच्या बाबतीत अतिशय काटेकोर यंत्र आहे. चुकीचं इंधन, चुकीचं तापमान आणि चालू मशीनला धक्का, या तीन गोष्टी कुठल्याही मशीनला बिघडवतात, तशाच त्या सापालाही बिघडवतात. फरक एवढाच की त्याचा स्पेअर पार्ट मिळत नाही.

ज्यांच्याकडे कायद्याने परवानगी असलेला साप आहे, त्यांनी पेटीवर तीन शब्द लिहून चिकटवावेत : भक्ष्य, ऊब, निवांतपणा. आणि आपण बाकीच्या सगळ्यांनी सापाला खाऊ घालण्याचा मोह सोडून द्यावा. भुकेल्याला घास द्यावा ही आपली शिकवण चांगलीच आहे, पण सापाच्या बाबतीत त्याची वाट मोकळी ठेवणं हाच खरा घास. येत्या नागपंचमीला दुधाची वाटी होस्टेलमधल्या एखाद्या आजारी मित्राच्या हातात द्या, आणि मागच्या रानातल्या धामणीला तिचे उंदीर तिच्या मर्जीने पकडू द्या!